ज्ञानदानास अभयदानाची जोड

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



संस्थेच्या आयुष्यात सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो ताळेबंदाचाही प्रसंग असतो. जमेच्या बाजूस काय आहे आणि देणे काय राहिले आहे, हे शांतपणे पाहण्याची संधी अशा वेळी लाभते. या शुभप्रसंगी विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी संगणक, टॅबलेट आणि स्मार्ट बोर्ड यांकरिता दान देण्याची इच्छा अनेक कुटुंबांनी व्यक्त केली आहे. ही भावना सर्वथा अनुमोदनीय आहे. मात्र अनुमोदना करीत असतानाच एका प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. यंत्र वर्गात आले म्हणजे विद्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल काय?

कोणत्याही संगणकवर्गात दोन विद्यार्थी हमखास आढळतात. एकाच्या घरी लहानपणापासून संगणक आहे. त्याची बोटे न पाहता कळफलकावर फिरतात. दुसऱ्याच्या घरी वडिलांचा एकच फोन आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. हा दुसरा विद्यार्थी गणितात हुशार असेल, स्तोत्रे त्याला मुखोद्गत असतील. परंतु पडद्यासमोर बसताच त्याचा हात आखडतो. काही बिघडले तर बोलणी बसतील, सगळे हसतील, ही धास्ती त्याच्या मनात असते. शिक्षकांनी "समजले का?" असे विचारल्यावर तो मान डोलावतो. त्या मान डोलावण्यावर विसंबून वर्ग पुढे जातो आणि तो मात्र तेथेच राहतो.

साधन बदलते तेव्हा

ज्ञानाचे साधन बदलण्याचा प्रसंग जैन परंपरेस नवा नाही. भगवान महावीरांची वाणी शेकडो वर्षे कंठस्थ स्वरूपात जपली गेली. साधूने पोथी बाळगणे हा परिग्रह मानला जाई. पुढे दुष्काळ आणि स्मरणशक्तीचा ऱ्हास यांमुळे श्रुत लोप पावण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी सौराष्ट्रातील वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ करण्यात आले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून आपले ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम लिपिबद्ध झाला. ज्येष्ठ शुक्ल पंचमीस श्रुतपंचमी साजरी होते ती त्याच्याच स्मरणार्थ. कंठ सोडून ताडपत्र हाती घेणे हे त्या काळचे फार मोठे तंत्रांतर होते. श्रुत टिकावे म्हणून पूर्वाचार्यांनी ते स्वीकारले.

तथापि साधन असणे आणि ते सर्वांच्या हाती पोहोचणे यांत अंतर असते, हेही त्याच इतिहासाने शिकवले. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन झाल्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे. वाचन मात्र घडत नसे. पुढे परिश्रमपूर्वक त्यांच्या हस्तलिखित प्रती तयार झाल्या. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली हिंदी अनुवादासह तिचा पहिला भाग १९३९ साली विदर्भातील अमरावती येथून प्रकाशित झाला आणि पुढील भाग क्रमाने येऊन १९५८ पर्यंत एकूण १६ भाग पूर्ण झाले. त्यानंतरच सामान्य जिज्ञासू त्या ग्रंथापर्यंत पोहोचू शकला. आज कित्येक शाळांतील संगणककक्षांची अवस्था मूडबिद्रीच्या त्या जुन्या भांडारासारखी आहे. कुलूप आहे, आच्छादन आहे, दात्याचे नाव कोरलेली पाटी आहे; विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा दर्शनही घडते. स्वाध्याय तेवढा घडत नाही.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत असे आढळले होते की, ५ वर्षांवरील व्यक्तींपैकी संगणक चालवता येणाऱ्यांचे प्रमाण ग्रामीण भागात ९.९ टक्के आणि शहरी भागात ३२.४ टक्के होते. घरात संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४.४ टक्के, तर शहरांत २३.४ टक्के होती. अशा स्थितीत मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण एकाएकी पडद्यावर आले. ज्या घरात साधन आणि माहितगार माणूस दोन्ही होते, तेथील मुलांचे निभावले. इतर मुलांचे दिवस वाया गेले.

त्यानंतर फोनचा प्रसार झपाट्याने झाला. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार २०२४ साली १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. परंतु आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के होती. याच संस्थेच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या, फोन वापरू शकणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलग्यांकडे होता. मुलींच्या बाबतीत हे प्रमाण १९.८ टक्के होते. म्हणजे एकाच घरात भावाला सराव मिळतो आणि बहिणीला मागून घ्यावा लागतो. वर्गात भाऊ धीट आणि बहीण बुजरी दिसली, तर तो तिच्या बुद्धीचा दोष म्हणता येणार नाही. घरातील वाटणीचाच तो परिणाम आहे.

आत्मविश्वास आणि कौशल्य

आत्मविश्वास आणि कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. अनेक देशांतील आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक व माहिती साक्षरता तपासणारी एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१३ आणि २०१८ साली झाली. प्रत्यक्ष चाचणीत मुलींचे सरासरी गुण मुलांपेक्षा अधिक आढळले. परंतु अवघड तांत्रिक कामे आपल्याला जमतील, असा विश्वास मुलांनी मुलींपेक्षा अधिक व्यक्त केला. जो मोठ्याने "मला येते" म्हणतो त्याला सर्व येतेच असे नाही, आणि जी गप्प बसते तिला काही येत नाही असेही नाही. केवळ हात वर करण्यावरून पारख करणारा शिक्षक दोघांनाही अन्याय करतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंदुरा यांनी १९७७ साली या विषयी महत्त्वाची मांडणी केली. एखादे काम आपल्या हातून होईल, हा विश्वास माणसात चार मार्गांनी निर्माण होतो, असे त्यांनी सांगितले. पहिला आणि सर्वांत बलवान मार्ग म्हणजे स्वतः केलेल्या कामातील यश. दुसरा, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते काम करताना पाहणे. तिसरा, विश्वासातील व्यक्तीने दिलेले प्रोत्साहन. चौथा, त्या वेळची मनाची व शरीराची अवस्था; घाम फुटलेला, छाती धडधडणारा विद्यार्थी आपल्याला हे जमणार नाही असाच अर्थ त्यातून काढतो.

या चारही गोष्टींत यंत्राची किंमत, त्याचा वेग वा त्याचे नवेपण कोठेही येत नाही. चारही गोष्टी शिक्षक, सोबती आणि सराव यांवर अवलंबून आहेत.

ज्ञानावरणाची कारणे

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत. त्यांत निह्नव म्हणजे असलेले ज्ञान लपवणे, मात्सर्य म्हणजे दुसरा बरोबरीला येईल म्हणून न शिकवणे, आणि अंतराय म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अडथळा आणणे, ही कारणे येतात. संगणकवर्गाकडे या दृष्टीने पाहावे. तीन मुलांमध्ये एक संगणक असतो आणि तासभर माऊस एकाच्याच हातात राहतो. दुसरा विचारतो, "कसे केलेस?" त्यावर "सोपे तर आहे" असे म्हणून पहिला भरभर चार कळा दाबतो. त्याच्या मनात दुष्टपणा नसेल, परंतु अंतराय घडतोच. बुजऱ्या मुलाच्या चुकीवर वर्ग हसतो, तेव्हा अहिंसेच्या पाठशाळेत सूक्ष्म हिंसा घडते. त्या हसण्यानंतर ते मूल कित्येक महिने प्रश्न विचारत नाही.

जैन गृहस्थासाठी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. अभयदानाचा मूळ अर्थ जीवरक्षा हा होय. व्यापक अर्थाने मात्र भयग्रस्ताचे भय दूर करणे हेही त्यात येते. संगणकाच्या वर्गात शास्त्रदान आणि अभयदान एकत्र द्यावे लागते. अभय नसेल, तर दिलेले ज्ञान भयभीत मनात उतरत नाही.

वर्गात काय करता येईल

याकरिता फार खर्चाचे उपाय लागतात असे नाही. प्रथम, वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यास एक लहानसे काम एकट्याने करावयास द्यावे. आपले नाव टंकलिखित करणे, ते जतन करणे आणि पुन्हा उघडून दाखवणे, एवढे पुरे. त्यास गुण देऊ नयेत आणि त्याचा निकाल भिंतीवर लावू नये. कोणास कोठून आरंभ करावयाचा, हे शिक्षकास कळावे एवढाच त्याचा हेतू असावा.

दुसरे, जोड्या विचारपूर्वक लावाव्यात. अतिशय तरबेज आणि अगदी नवखा अशी जोडी लावल्यास नवखा प्रेक्षक होतो. थोडे अधिक येणारा आणि थोडे कमी येणारा अशी जोडी उत्तम ठरते, कारण 'याला जमले तर मलाही जमेल' असे तेथे वाटू शकते. कळफलक कमी येणाऱ्याच्या हाती असावा आणि अधिक येणाऱ्याने केवळ तोंडाने सांगावे, स्वतःचा हात लावू नये. ठरावीक वेळाने घड्याळ पाहून जागा बदलाव्यात. यात अधिक येणाऱ्याचाही लाभ आहे. बोटांना ठाऊक असलेली गोष्ट शब्दांत सांगताना त्याला ती प्रथमच नीट समजते.

तिसरे, चूक दुरुस्त कशी करावी हे सर्वांत आधी शिकवावे. केलेली कृती एका कळीने मागे घेता येते, जतन केलेले पुन्हा मिळवता येते, चुकीच्या ठिकाणी गेल्यास परत येता येते, हे कळले की निम्मी धास्ती संपते. श्रावक रोज प्रतिक्रमण करतो, म्हणजे झालेल्या दोषातून मागे फिरतो. उपमा मर्यादित अर्थानेच घ्यावी; परंतु मागे फिरण्याची वाट ठाऊक असलेला माणूसच निर्भयपणे पुढे पाऊल टाकतो, हे दोन्हीकडे खरे आहे.

चौथे, भाषेचा अडसर दूर करावा. पुष्कळ मुलांना यंत्राचे भय वाटते असे समजले जाते, वस्तुतः ते इंग्रजीचे भय असते. पडद्यावरील आज्ञा मराठीत करता येतात, देवनागरीत टंकलेखन करता येते. पहिला परिच्छेद मुलाने मायबोलीत लिहिला, तर यंत्र त्याला परके वाटत नाही.

पाचवे, शिक्षकांनाही अभय हवे. विद्यार्थ्यांस आपल्यापेक्षा अधिक येते, या संकोचाने कित्येक अनुभवी शिक्षक संगणककक्षात जाणे टाळतात. "हे मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू" असे जो शिक्षक वर्गासमोर म्हणतो, तो न कळण्याची लाज मुलांच्या मनातून कायमची काढून टाकतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. मुलांच्या हाती आधीच असलेल्या पुस्तकाला त्यांनी नव्या साधनाची जोड दिली. ओळखीच्या वस्तूपासून अनोळखी वस्तूकडे नेण्याची ही रीत सर्वत्र अनुकरणीय आहे.

अतिविश्वासाचे काय

भय जसे घातक, तसा अतिविश्वासही घातक. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून प्रश्न टाइप करताच सुबक उत्तर मिळू लागले. ते उत्तर ठाम भाषेत असते, परंतु बरोबरच असते असे नाही. धीट विद्यार्थी ते जसेच्या तसे उतरवून मोकळा होतो.

येथे आचार्य धरसेनांची कथा स्मरणीय आहे. शास्त्र देण्यापूर्वी त्यांनी दोन्ही मुनींची परीक्षा घेतली. एकास दिलेल्या मंत्रात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्याच्या मंत्रात एक कमी. साधनेअंती देवता प्रकटल्या, त्या विरूप होत्या. एकीचे दात पुढे आलेले आणि दुसरी एकाक्ष. समोर आले ते स्वीकारून मुनी थांबले नाहीत. देवता अशा असू शकत नाहीत, अर्थी मंत्रातच दोष असावा, असा त्यांनी विचार केला, व्याकरणानुसार अक्षरे शुद्ध केली आणि पुन्हा साधना केली. तेव्हा देवता मूळ रूपात प्रकटल्या. गुरूने दिलेल्या मंत्राचीही तपासणी करण्याचा विवेक ज्यांच्यापाशी होता, तेच शास्त्राचे अधिकारी ठरले. पडद्यावरील उत्तराची अशी पारख करण्यास शिकवणे, हे धीट विद्यार्थ्यांसाठीचे शिक्षण आहे. नवख्याला निर्भयता आणि धीटाला विवेक, अशा दोन्ही गोष्टी एकाच वर्गात शिकवाव्या लागतील.

पेठेतील अनुभव

हा प्रश्न केवळ मुलांचा आहे, असे कोणी समजू नये. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कापडपेठेतील कित्येक दुकानांत एकच चित्र दिसले. चाळीस वर्षे रोजमेळ आणि खतावणी एका आकड्याचीही चूक न करता लिहिणारे ज्येष्ठ व्यापारी आणि मुनीम पडद्यासमोर अवघडून बसले. हिशेबाचे ज्ञान त्यांच्यापाशी भरपूर होते. उणीव होती ती केवळ विश्वासाची. ज्या दुकानात मुलाने वा नातवाने "बाबा, तुम्ही सोडा, मी करतो" म्हटले, तेथे ते ज्येष्ठ आजही परावलंबी आहेत. ज्या दुकानात त्याने शेजारी बसून "तुम्ही करा, मी पाहतो" म्हटले, तेथील ज्येष्ठ आज स्वतः बिले काढतात आणि विवरणपत्रातील चूक इतरांआधी ओळखतात. पाठशाळेतील बुजऱ्या मुलाचे दुःख समजून घेण्यासाठी पेठेतील प्रत्येकाने तो काळ आठवून पाहावा.

दानाची दिशा

जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि खेड्यापाड्यांतील सर्व जातींच्या मुलांना वसतिगृहात एकत्र ठेवून शिकवले. प्रवेश देऊन ते थांबले नाहीत. श्रम करून शिकणारा मुलगा कोणापुढे मान खाली घालणार नाही, हा स्वाभिमान त्यांनी मुलांमध्ये रुजवला. आज तसाच स्वाभिमान संगणकासमोर बसणाऱ्या मुलात निर्माण करण्याची गरज आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग ठरवताना विश्वस्त मंडळाने आणि दात्यांनी पुढील विनंतीचा विचार करावा. यंत्रे थोडी कमी घेतली तरी चालतील. परंतु जेवढी रक्कम यंत्रांवर खर्च होईल, तेवढीच रक्कम ती शिकवणाऱ्या व्यक्तीच्या मानधनासाठी राखून ठेवावी. संगणक काही वर्षांत जुना होतो. मुलाला लाभलेला विश्वास जुना होत नाही. संगणककक्ष सायंकाळी दोन तास उघडा ठेवावा आणि ज्यांच्या घरी साधन नाही त्यांना त्या वेळी प्रथम हक्क असावा. आठवड्यातील एक सायंकाळ मुलींसाठी आणि एक ज्येष्ठ श्रावक-श्राविकांसाठी राखावी. ज्या युवकांना उत्तम येते, त्यांनी आपली सेवा ज्ञानदान म्हणून द्यावी आणि हात मागे ठेवून शिकवण्याचा नियम घ्यावा. सेवा कशी झाली हे वर्षाच्या अखेरीस तपासताना संगणक किती घेतले ही संख्या न पाहता, वर्षारंभी हात आखडणाऱ्या मुलांपैकी किती मुले आता दुसऱ्याला शिकवू लागली, ही संख्या पाहावी.

पाटीवर नाव कोरणे गैर नाही. समाजाची कृतज्ञता त्यातून व्यक्त होते. तथापि पन्नास वर्षांनी या संस्थेचा शताब्दी महोत्सव साजरा होईल, तेव्हा आज दिलेल्या यंत्रांपैकी एकही शिल्लक नसेल. त्या दिवशी एखादी कर्तबगार भगिनी व्यासपीठावरून सांगेल की, याच संस्थेत प्रथम कळफलकाला हात लावताना ती घाबरली होती आणि कोणीतरी शेजारी बसून तिला धीर दिला होता. दात्यांच्या दानाचे खरे पुण्य त्या एका वाक्यात असेल.

ज्ञान सर्वांना मिळो, आणि ते निर्भयपणे मिळो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना. या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास, अथवा शब्दांनी कोणाचे मन दुखावले असल्यास, मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.